काका तर आपलेच!

आमचे घरमालक कुठलंही वाक्य पूर्ण बोलत नसत. अर्धं बोलायचे आणि उरलेलं अर्धं समोरच्याने बोलावं म्हणून थांबायचे. मी विक्रोळीला त्यांची वरची खोली बघायला गेले तेव्हा मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. लोखंडी जिना चढून आम्ही वर गेलो. त्यांनी खिडकी उघडली, पंखा लावून दाखवला, आणि अचानक उजवा हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाले, "हवा, उजेड, पाणी!" मग माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "हो, आहे ना." त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात खालून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "चोवीस तास!" तेव्हा कुठे त्यांचा हात खाली आला.

"इथे चोवीस तास पाणी येतं?" मी विचारलं.

"छे, सकाळी तासभर येतं. पण घोषणेत तासभर बसत नाही," ते म्हणाले.

मी खोली घेतली. खरं तर खोलीपेक्षा मला मालकच जास्त आवडले होते. पुढे मी त्यांना काका म्हणू लागले, आणि सगळी गल्लीही तेच म्हणत होती.

काका मूळचे कुडाळकडचे. विक्रोळीतल्या एका जुन्या कारखान्यात त्यांची अख्खी नोकरी गेली, आणि जेवढी वर्षं नोकरी केली तेवढीच वर्षं त्यांनी पक्षाच्या मोर्च्यांत पुढे चालून घोषणा दिल्या. पक्षाचं नाव मी सांगत नाही. काकाही कधी घेत नसत, नुसतं 'आपला पक्ष' म्हणत. कामगारांचा, झोपडीत राहणाऱ्यांचा, सगळ्या जातीधर्मांना एका पंगतीत बसवणारा असा तो पक्ष एके काळी होता म्हणतात. 'म्हणतात' हे काकांना आवडणार नाही. होताच, आम्ही बघितलाय, असं ते म्हणतील, आणि त्यांनी बघितला असेल तर मी कशाला वाद घालू!

"घोषणा म्हणजे अर्धी आपली, अर्धी लोकांची," ते मला समजावून सांगत. "सगळीच आपण म्हटली की ते भाषण होतं. आणि भाषणाला, पोरी, लोक शेंगदाणे खात बसतात."

या तत्त्वावर त्यांचं घरही चालत असे. सकाळी खालून आवाज यायचा, "चहा कोण ठेवणार?" आणि स्वयंपाकघरातून काकू मालवणीत म्हणायच्या, "जेका तल्लफ इली तो ठेवतलो!" बाजारात मासळीवालीसमोर उभे राहून ते टोपलीकडे हात करून म्हणत, "बांगडा ताजा?" आणि ती खाडकन उत्तर द्यायची, "घ्यायचा तर घे, नायतर फूट!" हे ऐकायला ते मुद्दाम तिच्याकडेच जात. दुसरीकडे मासळी स्वस्त मिळते असं काकूंनी सांगितलं, तर म्हणाले, "स्वस्त असेल, पण तिथे प्रतिसाद नाही." माझ्यावरही हळूहळू परिणाम व्हायला लागला. मी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसायचे. एकदा एका गृहस्थांनी वैतागून विचारलं, "रिपोर्ट मिळणार आहे की नाही?" आणि माझ्या तोंडून गेलं, "मिळाल्याशिवाय राहणार नाही!" आमच्या मॅडमनी मला आत बोलावून घेतलं.

दुसऱ्या कुठल्या पक्षाचा मोर्चा गेला तर काका रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून गाण्याच्या स्पर्धेला परीक्षक बसावा तसे उभे राहत. "शब्द बरे आहेत, पण मध्येच श्वास तोडतो. श्वास तोडला की गर्दी बिथरते," असं काहीतरी पुटपुटत. एकदा विरोधी पक्षाची दोन माणसं चोरून त्यांच्याकडे आली. त्यांची घोषणा जमत नव्हती. काकांनी ती दोन मिनिटांत बसवून दिली. ते गेल्यावर मी म्हटलं, "काका, ती तर तुमच्या पक्षाच्या विरोधातली होती!" ते खूश होऊन म्हणाले, "हो ना. पण बसली काय झकास!"

गल्लीतल्या बाकीच्यांचा पक्षावरचा विश्वास केव्हाच उडालेला होता. काकांचा कारखान्यातला दोस्त जाधव समोरच राहायचा. हे जाधवमामा मोर्च्यात काकांच्या बरोबर मागे चालत, आणि काकांच्या अर्ध्या घोषणेला पहिलं उत्तर नेहमी त्यांचं असे. त्यांच्यामागून मग बाकीचे. ते सरळ म्हणायचे, "सोड रे आता. वाट लागली त्या पक्षाची. नळाला पाणी नाही म्हणून गेलो, तर ऑफिसातला पोरगा म्हणतो, पक्ष सध्या आत्मचिंतन करतोय. म्हटलं, मग आंघोळीला त्यातलंच दोन बादल्या पाणी दे."

काका हसायचे, पण पक्षाची बाजू सोडायचे नाहीत. पक्षाचं कार्यालय गल्लीतून उठून टॉवरच्या पहिल्या मजल्यावर गेलं, तेव्हा म्हणाले, "म्हाताऱ्यांना लिफ्ट आहे." कार्यकर्त्यांच्या बैठका मोबाइलवर व्हायला लागल्या, तेव्हा म्हणाले, "चपला चोरीला जात नाहीत." मग महापालिकेची निवडणूक लागली आणि पक्षाने प्रचारासाठी एक एजन्सी नेमली. एजन्सीने नवी घोषणा दिली, 'आम्ही आहोत ना!' काका फलकासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग कार्यालयात जाऊन एजन्सीच्या मुलीला त्यांनी विचारलं, "छान आहे. पण याच्यापुढे लोकांनी काय म्हणायचं?"

मुलगी गोड होती. ती म्हणाली, "काका, लोकांनी काही म्हणायचं नाहीये. त्यांनी फक्त फील करायचंय."

पुढचा आठवडाभर आमच्या घरात हेच चाललं. काकूंनी आमटी वाढली की काका विचारायचे, "मीठ?" आणि काकू म्हणायच्या, "फील करा!" पण त्या हसण्यात काका पूर्वीसारखे नव्हते, हे मला दिसत होतं. 'आपण' म्हणणारा पक्ष 'आम्ही' म्हणायला लागला, ही गोष्ट त्यांना लागली होती. "आम्ही आहोत म्हणे," ते एकदा मला म्हणाले. "म्हणजे मी कोण? मी त्या आम्हीच्या आत की बाहेर?"

त्याचं उत्तर उमेदवारीच्या वेळी मिळालं. पक्षाने शेठला तिकीट दिलं.

शेठ म्हणजे आमच्या भागातला बिल्डर. मुलांच्या खेळाचं एकुलतं एक मैदान त्याने कोपरा कोपरा करत अर्धं गिळलं आणि त्यावर लग्नाचा हॉल बांधला. त्याच्याविरुद्ध काकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. काकांनी 'शेठ' म्हणायचं आणि गल्लीने 'मुर्दाबाद' म्हणायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लपाछपीत राज्य कुणावर ते ठरवायलाही पोरं 'शेठ मुर्दाबाद, शेठ मुर्दाबाद' म्हणत बोट फिरवायची. तोच शेठ आता गळ्यात पक्षाचा पंचा घालून हात जोडत होता.

"मनपरिवर्तन झालं असेल," काका म्हणाले.

"त्याचं की पक्षाचं?" जाधवमामांनी विचारलं.

शेठच्या स्वागताची सभा शेठच्याच हॉलमध्ये होती. वॉर्ड अध्यक्ष बंड्या स्वतः काकांना बोलवायला आला. बंड्या लहानपणी काकांच्या मोर्च्यात झेंडा धरून चालायचा. आता कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतो. "काका, दणक्यात स्वागत झालं पाहिजे. तुमच्याशिवाय कोण करणार?" असं म्हटल्यावर काका विरघळले. दोन दिवस आरशासमोर तयारी चालली होती. 'शेठसाहेबांचा' असं काकांनी म्हणायचं, 'विजय असो' असं लोकांनी. काकांना ते जड जात होतं, पण पक्षाने सांगितलंय म्हटल्यावर करायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता.

मीही गेले होते. मऊ खुर्च्या, एसी, वर झुंबर. "आपल्या मैदानात बसायला मस्त वाटतंय ना?" जाधवमामा मागे वळून बायकांना म्हणाले. मग फटाके वाजले, शेठ दारातून हात जोडत आत आला, आणि काकांनी माइक धरून हात वर केला. "शेठ..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि पुढचं 'साहेबांचा' काही केल्या येईना. श्वास तुटला. जो दोष ते दुसऱ्यांत काढायचे तोच ऐन वेळी त्यांच्या हातून झाला.

जाधवमामांनी नंतर शपथेवर सांगितलं की मी मुद्दाम केलं नाही, तोंडाला सवय आहे. ते म्हणाले, "मुर्दाबाद!" आणि त्यांच्यामागून अख्ख्या हॉलने म्हटलं, "मुर्दाबाद!"

झुंबर हललं असेल. शेठ हात जोडलेल्या अवस्थेत तसाच उभा. इथे थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण काकांचा हात पुन्हा वर गेला आणि त्यांनी आधीपेक्षा मोठ्यांदा पुकारलं, "शेठ!" या खेपेला मागच्या बायकांनी तर छतच उचललं. नंतर मी त्यांना विचारलं, "काका, दुसऱ्यांदा कशाला?" ते ओशाळून म्हणाले, "अगो, एवढा जिवंत आवाज किती वर्षांनी आला! हात आपोआप गेला."

बंड्याने रागावून काही म्हटलं नाही. माइक हळूच काढून घेतला आणि म्हणाला, "काका, खूप केलंत. आता आराम करा." दुसऱ्या दिवसापासून प्रचाराला रिक्षा फिरायला लागली. तिच्यावर भोंगा, आणि भोंग्यात संगीताच्या तालावर एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज, 'आम्ही आहोत ना!'

काका गप्प झाले. त्या आठवड्यात एकदा सकाळी मला खालून ऐकू आलं, "जरा चहा ठेवतेस का?" पूर्ण वाक्य, हळू आवाजात. मी धावत खाली गेले, तर काकू त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघत होत्या. मला फार वाईट वाटलं. त्या घराचा आवाजच गेल्यासारखा झाला होता.

तो परत आणला विरोधकांनी. काकांचा माइक गेल्याची बातमी पसरली आणि एका संध्याकाळी त्यांच्या दारात एक उमेदवार उभा राहिला. "काका, यंदा आम्हाला मत द्या."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग एकदम माझ्या लक्षात आलं की या माणसाकडे आयुष्यात कुणी मत मागितलेलंच नाही. घोषणावाल्याकडे कोण मत मागणार? ते स्वतःच दुसऱ्यांच्या दारात मागत फिरलेले. उमेदवार गेल्यावर ते घरभर फिरले. "ऐकलंस काय गो? माझ्याकडे मत मागूक इले!" काकूंना सांगितलं, मला सांगितलं, समोर जाऊन जाधवमामांना सांगितलं.

त्यानंतर काकांनी मतदार होण्याचा मनसोक्त आनंद घेतला. संध्याकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात खुर्ची टाकून बसत. जो येईल त्याला बसवून चहा पाजत आणि एकच प्रश्न विचारत, "मैदानाचं काय?" कुणी म्हणे बघू, कुणी म्हणे नक्की, कुणी सोबतच्या माणसाकडे बघे. एक अपक्ष बाई आल्या. उन्हातान्हात फिरून घामाघूम झालेल्या. त्यांनी पाणी पिऊन सांगितलं, "काका, मी काय निवडून येत नाही. पण तुम्ही मत दिलंत तर मला बरं वाटेल." काकांना त्या फारच आवडल्या. बाईंचा आवाज चांगला आहे, असं दोनदा म्हणाले.

"मग त्यांनाच देणार?" मी विचारलं.

"छे! मत आपल्या पक्षालाच."

"काका, शेठ उभा आहे."

"माणूस येतो, माणूस जातो. पक्ष आपला आहे." मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "फक्त एकदा दारात येऊन मागू देत. मीच अख्खा जन्म मागत फिरलोय, मागणाऱ्याला मी नाही म्हणणार नाही. मागायला आले की एवढंच विचारीन, मैदान कधी देताय? नुसतं ऐकून घेतलं तरी बस्स."

"आणि नाही आले तर?" जाधवमामांनी विचारलं.

"येतील रे. न येऊन जातील कुठे?"

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी पक्षाची फेरी आमच्या गल्लीत वळली. काकूंनी सकाळीच नारळाच्या वड्या केल्या होत्या. काका ताट घेऊन दारात उभे राहिले. फेरी घरोघर थांबत होती. अलीकडच्या घरात शेठ स्वतः पायऱ्या चढून गेला, तिथल्या आजींच्या पाया पडला. काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मी त्यांच्या मागे उभी होते आणि, कसं सांगू, मलाच बघायला पाहुणे येताहेत असं वाटत होतं.

बंड्या पुढे होता. त्याने काकांना बघितलं आणि त्याचा चेहरा मनापासून फुलला. त्याने दोन्ही हात हलवले. "काका तर आपलेच!" मग मागच्यांकडे वळून म्हणाला, "चला, चला, पुढचं घर घ्या." शेठने काकांच्या डोक्यावरून पलीकडच्या घराला नमस्कार केला. फेरी पुढे गेली. मागून भोंग्याची रिक्षा गेली.

काका ताट धरून उभेच होते. "आपलेच म्हणाला ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग आपल्या माणसाला विचारायचं नसतं?"

मला भयंकर राग आला होता. काकांनी ताटातली एक वडी उचलून माझ्या हातावर ठेवली, एक स्वतः खाल्ली, आणि बाकीच्या गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या.

मतदानाच्या दिवशी काका, काकू आणि मी बरोबरच गेलो. केंद्र पालिकेच्या शाळेत होतं. काका आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले तेव्हा बोटाला शाई होती आणि डोळे ओले होते. शाळेपासून पुढे रस्त्यावर पक्षांची टेबलं होती. काका सरळ बंड्याच्या टेबलाशी गेले.

"या काका!" बंड्याने खुर्ची दिली. "झालं ना? एक आपलं पक्कं."

"बंड्या," काका उभ्यानेच म्हणाले, "माझं मत तुमच्यात धरू नको. मी तुम्हाला दिलं नाही."

बंड्या खो खो हसला. टेबलावरची पोरंही हसली. "काय काका! कुणाला बनवता? सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ."

"अरे, खरंच नाही दिलं."

"बरं बरं, नाही दिलं. चहा घ्या. ए, काकांना कटिंग सांग रे."

"बंड्या, आईच्यान सांगतो..." काकांचा आवाज रडवेला झाला. आयुष्यात पहिल्यांदा ते पक्षाला नाही म्हणत होते आणि पक्ष ते ऐकूनच घेत नव्हता. मला वाटलं, आता हे इथेच रडणार.

तेवढ्यात काकू पुढे आल्या. "रे मेल्या, ते खरा सांगतत. आणि माझा पण धरू नको."

बंड्याचं हसू थोडं कमी झालं. "काकू, तुम्ही पण?"

"मी काय आजच नाय दिलंय? गेल्या खेपेक पण नाय दिलंय. त्याच्या आदल्या खेपेक पण नाय."

आता टेबलावर कुणीच हसत नव्हतं. पण बंड्याकडे बघायला काकांना कुठे वेळ होता! ते काकूंकडे बघत होते. "काय म्हणतंस गो? तू? आपल्या पक्षाला नाही दिलंस?"

"तुमच्या पक्षाक," काकू म्हणाल्या.

"इतकी वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"तुमी कधी इचारलात?" काकूंचा आवाज चढला नव्हता, जेवायला वाढताना बोलायच्या तशाच बोलल्या. "सगळ्या इक्रोळीत दारोदार मतां मागीत फिरल्यात. माझ्याकडे कधी इलात?"

"अगो, तू तर..." काका म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. काकूंनाही दिसला असणार, कारण त्या वाट बघत उभ्या राहिल्या. काकांनी तो गिळला. भर रस्त्यात, सगळ्या पक्षांच्या टेबलांसमोर, त्यांनी काकूंपुढे हात जोडले, आणि स्वतःच हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले.

"बरं, चुकलं," ते म्हणाले. "आता विचारतो. कुणाला देत होतीस?"

"मतदान गुप्त असता," काकू म्हणाल्या, आणि छत्री उघडून घराकडे चालू लागल्या.